पायरी ते कडुनिंब

जानेवारीत धरणगावला
आधी जिनिंगचा भोंगा होतो, मग शाळेची घंटा.
रात्रभर गाठी दाबल्या गेलेल्या असतात,
आणि मैदानाच्या तारेला, बाभळीला,
झेंड्याच्या दोरीलासुद्धा
रुईची बारीक लव चिकटलेली असते.
लांबून छान दिसतं.

मोक्षदा बडगुजर पाचवीत आली तेव्हा
तिची आई फाटकापर्यंत आली होती, आत नाही.
"सर, मनी पोरले पयाडू नका. तिले दम लागस."
मी म्हणालो, काळजी नका करू,
आणि पोरीच्या गळ्यात स्टॉपवॉच घातलं.

तीन वर्षं.
सगळा वर्ग पळाला, ती पायरीवर बसली
चपलांच्या रांगेशेजारी, अंगठा बटणावर.
कोणाला किती सेकंद, कोण कुठे अडखळलं,
शंभर पानी वहीत सगळं, निळ्या शाईत.
गॅदरिंगला मी तिचं नाव पुकारलं :
उत्कृष्ट सहकार्य.
टाळ्या वाजल्या. मला वाटलं, भलं केलं पोरीचं.

मग जळगावच्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी आली.
तिला खेळू द्या.
'द्या'खाली दोन रेघा.
पंधरा मिनिटं आधी पंप, नळकांडं लावून, सावकाश.
मग चालणं, मग हळू धावणं, मग जोर.
बोचऱ्या थंडीत नाकातोंडाला रुमाल.
छातीत शिट्टी वाजली की थांबणं, पंप घेणं, लाजायचं नाही.
हवेत रुई असेल त्या दिवशी मैदान नको.
ती चिठ्ठी मी हजेरीपटात ठेवली
आणि आठ दिवस ते पान टाळून हजेरी घेतली.
तिच्या छातीची भीती होतीच.
पण जास्त भीती, खरं सांगायचं तर,
माझ्या नोकरीची होती.

नवव्या दिवशी तालुक्याच्या निवडीसाठी
तिच्याकडून वही मागून घेतली.
शेवटच्या पानावर, उलट्या बाजूनं, पेन्सिलीत :

पायरी ते कडुनिंब. ५२ सेकंद. दोनदा थांबले.
पायरी ते कडुनिंब. ४९. एकदा थांबले.
रुई जास्त. नाही पळाले.
४७. खोकला. कोणी पाहिलं नाही.

असं पानभर, तारखांसकट.
सगळ्या तारखा शनिवारच्या,
शाळा सुटून शिपाई जेवायला गेल्यानंतरच्या.
एकटी.
पंप दप्तरात, दप्तर पायरीवर,
आणि कडुनिंब मैदानाच्या पार त्या टोकाला.

मी त्या अंतराकडे बघत राहिलो.

आपल्याकडे एका दमात किती काय बसवलंय.
हुतूतूत तो राखायचा.
मास्तरनं तो द्यायचा.
घाई झालेल्याला सांगायचं, जरा धर.
आणि त्याच शब्दाला एक काना लागला
की पोरगी पायरीवर.
हा काना डॉक्टरबाईंनी नव्हता लावला.
स्टॉपवॉचच्या दोरीनं
मीच अडकवला होता तिच्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी वारा उलटा होता, हवा स्वच्छ.
पंप घेतला. पंधरा मिनिटं गेली.
पोरं कुरकुरली, कुरकुरू दिली.
दोन फेऱ्या चालून झाल्या, एक रमतगमत पळून.
फाटकाबाहेर तिची आई,
पदर तोंडाशी, दुसरा पंप मुठीत.
मी शिट्टी फुंकली.

काय पळाली म्हणून सांगू?
काही खास नाही. कोपरं बाहेर, मान वर,
टाचा आपटत.
मध्ये एकदा चालली.
मग पुन्हा पळाली.
कडुनिंबाला हात टेकवून वाकली,
आणि अख्खा वर्ग गप्प,
तिची पाठ वर-खाली होताना मोजत.

परत आली ती चालत. छाती ऐकली मी, शिट्टी नव्हती.
"किती, सर?"
मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.
शून्य. शून्य. शून्य.
बटण दाबायचंच राहिलं होतं.

तीन वर्षांत तिच्या हातून एकदाही
अशी चूक झाली नव्हती.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जसं मी आजवर पोरांकडे पाहत आलो.
"मग परत पळते," म्हणाली.
मी म्हणालो, आधी दम घे.
म्हणाली,
घेतला.